मावशीने सोडलेला घोट

मुलांनो, धान्य घेताना वरची मूठ पाहून पोतं उचलू नये. आत परखी, म्हणजे दाणे काढायची पोकळ सळई, खुपसावी, मधले दाणे तळहातावर घ्यावेत, मग भावाचं बोलावं. कोंबडीला काही परखी लावता येत नाही, म्हणून तर ही गोष्ट घडली.

हौसाक्कांच्या परसात एक कोंबडा, चार-सहा कोंबड्या आणि त्यांची पिल्लं मोकळी चरत. त्यांतली एक कोंबडी अंगाने तुकतुकीत, तुरा लालभडक, आणि मोठी मायाळू. तिला स्वतःचं पिल्लू नव्हतं, म्हणून ती सगळ्यांचीच मावशी. शेवग्याखालची माती उकरायची, किडा सापडला की हाक मारायची, आणि पिल्लांचं पोट भरेपर्यंत स्वतः चोच लावायची नाही.

एकदा पिल्लं वाळू लागली. खात सारखी, पण अंगी काही लागेना. सगळ्यांत धाकट्याला तर उभंही राहवेना. हौसाक्कांनी गुरांच्या डॉक्टरांना विचारून जंताचं औषध आणलं. संध्याकाळीच पाण्याची भांडी उचलून ठेवली, म्हणजे सकाळी तहानेने सगळे औषधाचं पाणी पितील.

सकाळी भांड्याभोवती झुंबड उडाली. मावशी मात्र मागे सरली. कोंबड्याने हटकलं, तर म्हणाली, "माझ्याकडे बघ की जरा. मला कसले जंत? माझा घोट धाकट्याला राहू दे."

कोंबडा भोळा. तो दिवसभर तिच्या मोठ्या मनाचं कौतुक सांगत हिंडला. मावशीने धुण्याच्या दगडापाशी साचलेलं पाणी पिऊन तहान भागवली.

पिल्लं सावरली, बागडू लागली. पण पुढच्या अमावस्येच्या सुमारास पुन्हा तेच. धाकट्याला तर मानही उचलवेना. मावशीचा जीव कासावीस झाला. ती दुप्पट जोराने उकरून त्याला भरवू लागली.

शेवग्यावर एक कावळा बसे. तोंडाचा फटकळ, पण नजर पक्की. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या शिटेत पांढरे दोरे वळवळतायत. जिथे शिटतेस तिथेच उकरतेस, आणि तिथलंच लेकरांना चारतेस."

मावशीने उकरता पाय आवरला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी त्यांना भरवत होते ते काय?"



हौसाक्कांनी पुन्हा औषध कालवलं. या खेपेला खुराडं खरवडून काढलं, दगडापाशी साचलेलं पाणी वाट करून काढून दिलं, तिथे कुणी उकरू नये म्हणून शेवग्याखाली काट्या लावल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं तोवर अंडी कुणाच्या ताटात जाऊ दिली नाहीत. सकाळी भांड्याशी सर्वांआधी मावशी पोचली. पोटभर प्याली, आणि किडा सापडला की मारायची तीच हाक तिने मारली. धाकटं धडपडत आलं, तिच्या पंखाखालून मान काढून पाणी पिऊ लागलं.

तात्पर्य : एका अंगणात चरणाऱ्यांनी औषधही एकत्रच घ्यावं, आणि ज्यांच्यावर माया आहे, त्यांच्यासाठी आधी आपलं पोट साफ ठेवावं.