सशिणीलाही जमेल अशी खूण

एका डोंगराच्या माथ्यापासून नदीच्या काठापर्यंत तीन जंगले एकाला एक लागून होती. वरच्या जंगलात एक मोर राहत असे, मधल्या जंगलात एक वानर आणि नदीकाठच्या जंगलात एक सुतारपक्षी. वणवा पेटला की आपापल्या जंगलाला सावध करायचे, हे काम या तिघांकडे होते. मोर मोठ्याने केकारव करी, वानर खॅक खॅक ओरडे आणि सुतारपक्षी खोडावर टकटकटकटक असा न थांबता ठोका धरी. तिघेही आपल्या कामात चोख होते. अडचण एवढीच, की एका जंगलाची खूण दुसऱ्या जंगलात कोणाला कळत नसे, आणि ती कळावी असे कोणाला फारसे वाटतही नसे.

गेल्या उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर वणवा लागला. मोर जीव तोडून ओरडला. मधल्या जंगलातली मंडळी म्हणाली, "याला आज नाचायची लहर आलेली दिसते," आणि कूस बदलून झोपली. आग त्यांच्या दारात आली तेव्हा वानर ओरडू लागला. ते ऐकून नदीकाठची मंडळी म्हणाली, "वरच्यांची फळांवरून जुंपली वाटतं." सुतारपक्ष्याने ठोका धरला तेव्हा सगळ्यांच्या नाकातोंडात धूर जात होता. तिथल्या गवतात एक सशीण राहत होती. एकेका पिल्लाला तोंडात धरून तिने नदीच्या ओल्या वाळूत नेले. पिल्ले वाचली, पण तिचे दोन्ही कान टोकाशी होरपळले.

यंदा तिला तीन पिल्ले झाली होती. तिन्ही इतकी लहान, की चार उड्यांत धापा टाकत. ऊन तापू लागले तशी सशीण दिवसातून दहादा डोंगराकडे पाहू लागली. शेवटी ती नदीतल्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली आणि म्हणाली, "कासवआजोबा, तिन्ही जंगलांची मिळून एकच खूण ठरवा. मला थोडा आधी निरोप मिळाला तरच माझी पिल्लं वाचतील."

कासवाला घाई कशाचीच नसे, पण हे काम त्याने त्याच दिवशी हाती घेतले. नदीकाठच्या सपाट खडकावर सभा भरली आणि कासव अध्यक्ष झाले.

"यात ठरवायचंय काय?" मोर म्हणाला. "माझा आवाज तिन्ही जंगलांत सर्वांत गोड आहे. खूण म्हटली की तिला काही दर्जा नको?"

"वणव्यात गोडवा काय चाटायचाय?" वानर म्हणाला. "आमची खूण खणखणीत आहे. तीच ठेवा."

सुतारपक्षी म्हणाला, "ओरडणं काय, कोणीही ओरडतं. ठोका धरायला कसब लागतं."

मुलांनो, तिघेही हुशार होते, पण प्रत्येकाच्या मनात एकच होते. आपली खूण ठरली, की बाकीचे दोघे आपल्याकडे शिकायला येणार आणि आपण मान वर करून शिकवणार. त्यामुळे सभा तीन दिवस चालली. खडकाभोवतीच्या जाळीतली करवंदे संपली, पण निर्णय काही होईना. चौथ्या दिवशी सगळेच कंटाळले आणि एक तोडगा निघाला. आधी वानराचे पाच खॅक, मग मोराचे तीन केकारव, मग सुतारपक्ष्याचे वीस ठोके, आणि हे सगळे ज्याने त्याने एकट्याने करायचे. कोणाचाच मान गेला नाही म्हणून सगळे खूश झाले आणि एकमेकांचे अभिनंदन करू लागले.

सशीण मात्र खडकाजवळ आली. ती म्हणाली, "एकदा करून दाखवता का? तुमचं होईपर्यंत मी पिल्लांना घरून वाळूत नेऊन परत येते."

वानराने पाच खॅक झोकात काढले. मग त्याने मोरासारखा आवाज काढायला घेतला, तेव्हा शेपटीवर पाय पडलेले मांजर ओरडावे तसे काहीतरी बाहेर पडले. मोराने ठोके मारायला घेतले आणि सहाव्या ठोक्याला चोच धरून बसला. सुतारपक्ष्याने तर खॅक म्हणायला जे तोंड उघडले ते उघडेच राहिले. तेवढ्यात सशीण तीन खेपा करून परतसुद्धा आली होती.

"वणवा एवढा वेळ थांबेल का हो?" तिने विचारले.

मग तिघेही एकदमच म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांची काढा आणि माझी ठेवा."

सशिणीला आता रडूच आले. "अहो, माझ्या घशातून धड आवाज निघत नाही. उद्या आग आधी मलाच दिसली तर मी काय करू? मला फक्त पाय आपटता येतो."

कासवाने मान लांब केली. "तेवढं तर मलाही येतं," ते म्हणाले, आणि आपले कवच त्याने खडकावर आपटले. ठक ठक. "वानराला फांदीवर हात मारता येतो, मोराला पाय आपटता येतो. दोन ठोके, मग थांबायचं, पुन्हा दोन ठोके. ज्याला ऐकू येईल त्याने लगेच तेच पुढे वाजवायचं. संपलं."

सुतारपक्षी फुलून गेला. "म्हणजे माझीच खूण की."

"तुझी नाही," कासव म्हणाले. "तुला दोनवर थांबता येत नाही, ते शिकावं लागेल. शिवाय रोजच्या कामात दोन-दोन ठोके कोणीच मारायचे नाहीत. तू ढोली कोरशील ती तीन-तीन ठोक्यांनी."

"आमच्या घराण्यात आजवर कोणी मोजून ठोके मारलेले नाहीत," सुतारपक्षी कुरकुरला. पण सशिणीचे कान पाहून तो जवळच्या खोडावर तीन-तीन ठोके मोजू लागला.

मोर म्हणाला, "पाय आपटणं हे मोराचं काम नव्हे."

"वेळ आल्याशिवाय आपटू नका. पण शिकून ठेवा," कासव म्हणाले.

मोराने रागारागाने दोनदा पाय आपटला, जरा थांबला, पुन्हा दोनदा आपटला. "झालं शिकून," असे म्हणून तो निघून गेला.

वैशाखातल्या एका दुपारी डोंगरमाथ्यावर वाळलेल्या गवताने पेट घेतला. मोर सावलीत गाढ झोपला होता. जाग आली तेव्हा चहूकडे धूर होता. ओरडायला त्याने चोच उघडली, पण घशात धूर भरला आणि आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, नुसता खोकला आला. मग समोरच्या पोकळ ओंडक्यावर उडी मारून त्याने पाय आपटला. ठक ठक. ठक ठक.

मधल्या जंगलात वानराने ते ऐकले आणि क्षणही न दवडता फांदीवर हात मारले. नदीकाठी सुतारपक्षी ढोली कोरत होता. त्याने काम टाकले आणि बरोबर दोनवर थांबत निरोप पुढे दिला. गवतात सशीण ताडकन उठली. धुराचा वास यायच्या आतच तिची तिन्ही पिल्ले ओल्या वाळूत पोहोचली होती.

संध्याकाळी तिन्ही जंगलांतली मंडळी नदीवर जमली. सशिणीने सुतारपक्ष्याचे आभार मानले. तो म्हणाला, "मी वानराकडून ऐकलं." वानर म्हणाला, "मला वरून ऐकू आलं." सगळे मोराकडे पाहू लागले. एरवी यावर त्याने तासभर भाषण दिले असते. आज तो बसलेल्या आवाजात एवढेच म्हणाला, "ओरडायला गेलो, पण आवाजच निघेना. पायच काय तो आपटता आला."

सशीण त्याच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "मोरदादा, माझं रोजच असं असतं."

तात्पर्य : सर्वांसाठी एक रीत ठरवताना कोणाची रीत थोर हे पाहू नये, सर्वांत दुबळ्याला काय जमते ते पाहावे, कारण संकटात बलवानही दुबळा होतो.