हिंदचा खजूर

फार पूर्वी चौल बंदरातून निघालेली एक चिंच गलबतातून अरबांच्या बाजारात पोचली. तिला तिथं कुणीच ओळखेना. "हे काळं, चिकट काय आहे? बिननावाचा माल समुद्रात टाका," व्यापारी म्हणाला.

शेजारच्या टोपलीतला म्हातारा खजूर म्हणाला, "थांबा मालक! आम्हा खजुरांना तुम्ही तमर म्हणता. हीसुद्धा आमच्यासारखीच गरदार. हिला तमर-हिंद म्हणा, हिंदचा खजूर."

"पण मी आंबट आहे हो," चिंच कुजबुजली.

"असू दे गं. घरात सगळेच कुठे गोड असतात?"

व्यापाऱ्यानं चिंचेला लावलेलं बोट चाटलं, डोळे मिटले आणि तिला दुकानात ठेवून घेतलं.

पुढे दूरच्या बंदरांत कुणी तिला तामारिंदो म्हणालं, कुणी टॅमरिंड. हाकेच्या शेवटी पुसटसा हिंद ऐकू आला, की ती निर्धास्तपणे ओ देई.