टिटवीला कुणी सांगितलंच नाही

सागाच्या एका रानात ठिपक्यांच्या हरणांचा कळप राहत असे. लहान-मोठी मिळून वीस हरणं. ओढ्याकाठी गवताचा मोकळा माळ होता, तिथे ती चरायची. माळाच्या कडेला अर्जुनाचं उंच झाड होतं आणि त्या झाडावर एक म्हातारं वानर बसून असायचं. हरणं मान खाली घालून चरायची, वानर वरून चारी दिशांना बघायचं. बिबट्या दिसला रे दिसला की ते खाकरल्यासारखं ओरडायचं आणि सगळा कळप टेकाडावर पळून जायचा.

पुढे वानराच्या डोळ्यांवर पडदा आला. "मला आता समोरचा डोंगरसुद्धा धुरकट दिसतो. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा," असं म्हणून ते आपल्या टोळीबरोबर डोंगरापलीकडे निघून गेलं.

कळपात एक हरणी होती. तिचं पाडस जेमतेम पंधरा दिवसांचं. धावायला लागलं की त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकायचे. ती कळपाच्या म्होरक्याकडे गेली. "भाऊजी, लवकर कुणाला तरी ठेवा. मान खाली घातली की माझा जीव वरच टांगलेला असतो. पोटात चारा जात नाही, मग याला दूध कुठून पाजू?"

म्होरक्याची शिंगं मोठी होती आणि त्याला घाईही मोठी असायची. त्याने रानात सांगावा धाडला, "राखणीला कुणीतरी पाहिजे. आवाज मोठा हवा."

पहिला मोर आला. "आवाज माझा चांगला आहे, पण आभाळ भरून आलं की मी नाचायला जाणार, आधीच सांगून ठेवतो." मग सातभाई पक्षी आले, ते अर्थात सातही जण. त्यांच्यात पहिलं कुणी ओरडायचं यावरूनच त्यांचं भांडण जुंपलं. शेवटी टिटवी आली. तिने एकदाच आवाज दिला, तर म्होरक्याचे कान आपोआप मागे गेले.

"बास! हीच. ओरडणं असावं तर असं."

टिटवी म्हणाली, "दादा, मला दुसरं काही नको. मी अंडी उघड्या जमिनीवर घालते, खड्यांमध्ये. मागच्या खेपेला ती म्हशींनी तुडवली. तुमची खुरं तेवढी माझ्या अंड्यांपासून लांब राहू देत."

"ठरलं तर. उद्या सकाळपासून ये. ते झाड तुझं." एवढं बोलून म्होरक्या चरायला वळलासुद्धा.

टिटवीने झाडाकडे पाहिलं. मुलांनो, टिटवीला तुम्ही कधी झाडावर बसलेलं पाहिलंय का? नसणारच. तिच्या पायाला मागचं बोट नावापुरतंच असतं, त्यामुळे फांदी पकडता येत नाही. पण हे तिला कुणी विचारलं नाही. आणि पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं, म्हणून तिनेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती फांदीवर बसली. बसली कसली, घसरत होती आणि पंख फडफडवून पुन्हा सावरत होती. अर्धं लक्ष पायांत, अर्धं माळावर. खालून एक तरुण हरणी हसली. "अगं, तुम्ही टिटव्या पाय वर करून आभाळ झेलता म्हणे! आणि एवढीशी फांदी धरवत नाही?" सगळा कळप खिदळला.

इतक्यात ओढ्यावर पाणी प्यायला एक रानगवा आला. केवढा तो काळा देह! टिटवी जीव खाऊन ओरडली. कळप धूम पळाला आणि मग गवा पाहून रागारागाने परत आला. थोड्या वेळाने गवतातून घोरपड गेली. टिटवी पुन्हा ओरडली, कळप पुन्हा पळाला. दुपारपर्यंत कुणाच्या पोटात धड चारा नाही आणि पाडसांना दूध नाही.

"अगं ए टिटवे, गवा काय आपल्याला खातो? आणि घोरपडीला हरणांनी घाबरायचं?" म्होरक्या ओरडला.

"मला ठाऊक नव्हतं, दादा. इथे कुणाला घाबरायचं, ते एकदा सांगाल का?"

"त्यात सांगायचं काय? वानराला कधी सांगावं लागलं नाही."

तेही खरंच. पण वानर त्याच झाडावर जन्मलं होतं. आईच्या पोटाला चिकटलेलं असल्यापासून ते माळ बघत होतं. त्याला सांगायला त्याची आई होती. टिटवीला कोण होतं?

तिसऱ्या दिवशी तर फजितीच झाली. नर हरणांची एक हौस असते, शिंगं गवतात घासायची आणि गवताचे झुपके शिंगांवर मिरवायचे. म्होरक्या तसाच नटूनथटून झुडपांतून येत होता. टिटवीला वरून दिसलं ते काय? डोक्यावर गवताचं जंजाळ आणि अंगभर ठिपके. ती ओरडली. कळप पळाला तो थेट टेकाडावर. तिथून वळून बघतात तर मागून आपलाच म्होरक्या येतोय! पोरीबाळी हसून हसून लोळल्या.

म्होरक्या लाजला, आणि लाज लपवायला चिडला. "नीट ऐकून ठेव. ठिपके दिसले की समजायचं आपलंच कुणीतरी आहे. पुन्हा ठिपक्यांवर ओरडलीस तर तुझा-आमचा संबंध संपला. मग तुझी अंडी जाणोत आणि आमची खुरं."

टिटवीची नजर खाली जमिनीकडे गेली. त्याच सकाळी झाडापासून थोड्या अंतरावर, खड्यांमध्ये, तिने चार अंडी घातली होती.

चौथ्या दिवशी ऊन कलल्यावर टिटवीला गवतात ठिपके दिसले. तिने चोच उघडली आणि मिटली. ठिपके म्हणजे आपले. पण हे ठिपके हळूहळू सरकत होते. पुढे गवतात हरणीचं पाडस झोपलं होतं आणि ठिपके त्याच दिशेने चालले होते. ओरडावं? आणि पुन्हा आपलाच कुणी निघाला तर? अंड्यांचं काय?  शेवटी ती ओरडली नाही. ती फांदीवरून उतरली, उडत हरणीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार ना."

"तुमच्यात कुणी पोटावर सरपटत चालतं का?"

हरणीच्या तोंडातलं गवत तोंडातच राहिलं. "पोटावर? आमच्यात? नाही गं. का?"

"आणि लांबलचक शेपटी असते का कुणाची?"

पुढचं ऐकायला हरणी थांबलीच नाही. तिने पाय आपटला आणि अशी शीळ घातली की माळ दणाणला. पाडस धडपडत उठलं. त्याच क्षणी गवतातून बिबट्याने झेप घेतली.

घाबरू नका, पाडस वाचलं. अंड्यांवर कुणी चालून आलं की टिटवी कशी अंगावर धावते, तशी ती बिबट्याच्या डोळ्यांवर धावून गेली. बिबट्याने डोळे मिटले तेवढीच काय ती उसंत. त्याचा पंजा पाडसाच्या मांडीवरून ओरखडत गेला आणि पाडस आईपाठोपाठ टेकाडावर पोचलं. शिकार हुकल्यावर बिबट्या ओढ्याकडे निघून गेला.

टेकाडावर सगळे धापा टाकत होते. म्होरक्या टिटवीवर तुटून पडला. "डोळ्यांदेखत बिबट्या आला आणि तू गप्प? मग तुला ठेवलंय कशाला? चालती हो!"

"दादा," टिटवी म्हणाली, "ठिपके म्हणजे आपले, असं तुम्हीच सांगितलं होतं."

 हरणी पाडसाची मांडी चाटत होती. चाटता चाटताच ती म्हणाली, "भाऊजी, घायाळ माझं लेकरू झालंय, तेव्हा मी बोलते. ही कामाला आली त्या दिवसापासून आपण हिला काय दाखवलं? एक झाड. तेही हिच्या पायांना न झेपणारं. आपण हिला हसलो, रागावलो. बिबट्या कसा असतो ते मात्र कुणी सांगितलं नाही. आज हिने विचारलं म्हणून हा वाचला. विचारायला ही घाबरली नसती, तर याला ओरखडाही आला नसता."

म्होरक्याने मान खाली घातली.  मग म्हणाला, "टिटवे, तुला बसायला कुठे बरं वाटतं?"

"त्या वारुळावर, दादा. तिथे पाय ठरतात आणि माळ सगळा दिसतो."

"मग वारूळ तुझं."

त्यानंतर आठ दिवस म्होरक्या स्वतः टिटवीबरोबर फिरला. ओढ्याच्या ओल्या मातीत बिबट्याच्या पंजाचा गोल ठसा आणि हरणाचा दुभंगलेला ठसा त्याने शेजारी शेजारी दाखवला. बिबट्याचे ठिपके काळे, आपले पांढरे. आपली शेपटी आखूड, त्याची लांब. तो कुठल्या झुडपांतून येतो, कुठे दबा धरतो, सगळं दाखवलं. टिटवीनेही आपली अंडी कुठे आहेत ते कळपाला दाखवलं. टिटवी विचारत राहिली. कधीकधी तेच दोनदा विचारायची. ती तरुण हरणी एकदा हसायला गेली, तर म्होरक्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. पुढे तीच हरणी रोज थोडा वेळ वारुळाजवळ चरू लागली, म्हणजे टिटवीला काही विचारायचं झालं तर जवळ कुणी असावं.

गवे आले, घोरपड गेली, म्होरक्या शिंगांवर गवत मिरवत आला. टिटवी शांत बसून राहिली. पाडसाची आई आता मान खाली घालून पोटभर चरायची.

मग एका सकाळी झुडपांतून काळे ठिपके पोटावर सरपटत निघाले. टिटवीने एकदाच आवाज दिला. कुणी मान वर करून शहानिशा केली नाही, सगळे उधळले. बिबट्या रिकाम्या गवतात उभा राहिला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो जांभई देऊन परत गेला.

या खेपेला कळप ज्या वाटेने टेकाडाकडे पळाला, ती टिटवीच्या अंड्यांवरूनच जात होती. वीस हरणं, ऐंशी पाय, आणि सगळे जीव मुठीत धरून धावत होते. तरी कळप तिथे आल्यावर दुभंगला आणि पुढे जाऊन पुन्हा एक झाला. एक खडासुद्धा हलला नाही. मांडीवर वण असलेलं पाडस सर्वांत शेवटी होतं. त्याला बाजूला व्हायला वेळ नव्हता. त्याने उडी मारली, चारही अंडी ओलांडली आणि पलीकडे नीट उतरलं. पाय अडकले नाहीत.

तात्पर्य : नव्याला कामावर ठेवताना नुसता आवाज बघू नये, त्याला काय झेपतं तेही विचारावं. मग जागा दाखवून पाठ फिरवू नये, सोबत राहून आपली रीत शिकवावी. जे आपण सांगितलंच नाही, त्याची चूक एकट्या त्याच्या माथी मारू नये.