धोंडाईची मूठ

निंबदरीच्या तळ्याचा बांध मधोमध अठरा हात लांबीपुरता उंचवटलेला दिसतो. दोन्हीकडची माती वर्षानुवर्षे दबत गेली. एवढा भाग दबला नाही. त्याची कथा मला तीन रूपांत मिळाली. देवळात सांगतात ते रूप जलदेवतेने मागितलेल्या बळीचे, आणि हा साचा बांधांच्या कथांत वारंवार भेटतो. धनगरांच्या रूपात मेंढ्यांच्या कळपाने बांध तुडवून पक्का केला. तेथे मरणाचा उल्लेख नाही. तिसरे रूप बेलदारांचे. त्यात देवता काहीच मागत नाही. हणमा बेलदार या वृद्धाने ते बांधावर बसून आम्हांला सांगितले.

बांध घालताना मातीची पारख धोंडाई नावाची बेलदारीण करी, असे सांगतात. जाड मुरुमाच्या फटींत बारीक माती बसावी आणि पाण्याने ती धरून ठेवावी, हे तिचे शास्त्र. थर वीतभर, त्यावर पाणी, मग माती ठोकायच्या जड धुमसाचे घाव. प्रत्येक थराआधी ती मूठभर माती दाबून गोळा करी आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडी. भुगा झाला तर माती कोरडी, चपटा झाला तर ओली, दोन-तीन तुकडे झाले तर नेमकी. ती “धरली” म्हणाली की धुमस उचलला जाई.

अठरा हात उरले तेव्हा ओढा आटला. विहिरीत माणशी एक तांब्या पाणी येई. धोंडाईची सून ठकू दिवस भरलेली होती. तिचे ओठ फुटले होते म्हणे. त्या सकाळी धोंडाईने मूठ सोडली आणि भुगा झाला.

“किती पाणी लागेल?” रायाजी पाटलाने विचारले.

“थराला चाळीस घागरी.”

“धोंडाबाई, माणसं जीभ चाटतायत, अन् तू मातीला पाजायला निघालीस? पाऊस आला की भिजेलच की ती!”

“आत्या, माझ्या वाटचं घ्या,” ठकू म्हणाली. “मी काय, घोटभर कमी पिईन.”

धोंडाईने सुनेकडे पाहिले. मग दुसरी मूठ उचलली, ती खाली सोडलीच नाही, आणि म्हणाली, “धरली.”

तिचा शब्द कोणी पारखून पाहिला नाही. कोरड्या मातीवर धुमस खणखणत पडे; ऐकणाऱ्यांना वाटले, बांध दगडासारखा झाला. विहिरीचे पाणी ठकूला पुरले. तिला मुलगी झाली.

आषाढात तळे भरले. पाणी कोरड्या थरांत शिरले, तशी आतली पोकळी मिटली आणि मधला भाग एका दुपारी हातभर खाली बसला. त्या खाचेतून पाणी वाहू लागले आणि बघता बघता त्याने बांध कापला. खाली बेलदारांची पाले होती. धोंडाई वर मुरुमाच्या खाणीत होती. पाणी ओसरल्यावर ठकू बाभळीला अडकलेली सापडली, म्हणे; मूल पाठीला बांधलेले होते, दोघींतही जीव नव्हता.

तिसऱ्या दिवशी धोंडाई गावापुढे उभी राहिली. “मुठीचा भुगा झाला होता,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले.”

“अगं, तू पाणी सुनेसाठीच राखलंस ना?” पाटील म्हणाला.

“तिच्यासाठीच,” धोंडाई म्हणाली. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही, असे सांगतात.

आजही निंबदरीत घराची जोती भरायची असोत वा शेताची ताल म्हणजे मातीचा बांध, आधी घरातली सून घागरीतले पाणी पिते, मग माती भिजवतात. वडीलधारी बाई मूठ सोडते, पण बोलत नाही. जमलेल्या प्रत्येकाने वाकून तुकडे स्वतः मोजायचे असतात. बांधांच्या कथांत चूक सहसा देवाचा कोप म्हणून येते. येथे ती दयेतून आली, आणि प्रथेने दोष मातीला न देता शब्दावर विसंबण्याला दिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हणमाची कथा मात्र प्रथेवर संपत नाही. मधले अठरा हात नव्याने भरायला दोन वर्षे लागली, म्हणे. प्रत्येक थरात धोंडाई आपल्या वाटचे पाणी ओती. शेवटच्या थराची मूठ तिने सर्वांदेखत सोडली. मुठीचे तीन तुकडे झाले. धोंडाईने मातीची टोपली पालथी घातली आणि ठकू सापडली होती त्या बाभळीकडे ती चालत गेली.