पाळण्याखालचे हात

नातीच्या बारशाला तात्या देशमाने आले ते हुकूम घेऊनच. "नाव कोणतंही ठेवा," जमलेल्या बायकांसमोर ते सुनेला म्हणाले, "मधे मात्र माझ्या हेमंतचंच लागेल. घराण्याची अब्रू आहे."

हेमंतने दुसरीकडे संसार थाटला होता. मुलगी झाल्याचं कळूनही तो फिरकला नव्हता. शलाकाला लेकीच्या नावापुढे स्वतःचं नाव हवं होतं. पण तिचे आईवडीलही "कशाला वाद?" म्हणत मान खाली घालून बसले होते.

शलाकाने बाळ उचललं. "ठीक आहे तात्या. पाळण्याखालून बाळ एकीने द्यायचं आणि दुसरीने घ्यायचं, ही आपली रीत. आज मी देते. ज्याचं नाव मधे लावायचं, त्याने घ्यावं."

तिने गुडघे टेकून बाळ पाळण्याखाली धरलं. "हेमंतराव, घ्या."

पलीकडे कोणीच नव्हतं. बाळ रडू लागलं.

"तो कामात आहे," तात्या पुढे वाकले. "त्याच्या वतीने मी घेतो."

"घ्या ना. मग मधे तुमचं नाव लावू?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. तात्यांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. नात अजून रडतच होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते उपरणं सावरत होते.

शलाकाने लेकीला पोटाशी ओढलं आणि नणंदेला म्हणाली, "वन्सं, सांगा कानात. मृण्मयी शलाका."

नणंदेने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि बाळाच्या कानाशी वाकली.