परत न घेतलेली चाल

एकदा एका कीर्तनकाराला पन्नासावे वर्ष लागले, आणि आपले स्वतःचे असे आपल्यापाशी काहीच नाही, हा शोधही त्याला त्याच महिन्यात लागला. शोध तसा अडनिड्या वयात लागला. विशीत लागता तर माणूस हसून पुढे गेला असता. सत्तरीत लागता तर लोकांनी त्याला वैराग्य म्हटले असते. पन्नाशीत असा शोध नुसता टोचत राहतो.

झाले होते असे. हे बुवा पंचवीस वर्षे गावोगाव कीर्तने करीत. गळा गोड, वाणी शुद्ध, आणि श्रोत्यांना रडवून पुन्हा हसवण्याचे कसब अंगी. गावच्या देवीच्या चैत्री उत्सवात त्यांचे कीर्तन ठरलेलेच असे. त्या वर्षी उत्सवाची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "बुवा, आजवर जुनी आख्यानं पुष्कळ ऐकली. यंदा तुमची पन्नाशी. यंदा आख्यान तुमचं हवं. कथा तुमची, पदं तुमची, चालीही तुमच्याच." बुवांनी हौसेने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून ते लिहायला बसले. पहिले वाक्य कागदावर उतरले आणि त्यांच्या ध्यानात आले, की हे तर शाळेतल्या पाध्ये मास्तरांचे. खोडले. पहिल्या पदाला चाल सुचली. ती आजोळच्या मळ्यात मोट हाकणाऱ्या तात्याबाची निघाली. तीही खोडली. पुढे दर दोन ओळींनी कुणी ना कुणी डोकावू लागले. आठ दिवसांत बुवांनी दोन दस्ते कागद खर्ची घातले, आणि न खोडलेले असे एकच अक्षर उरले, ते म्हणजे वरचे 'श्री'. खरे पाहता तेही त्यांचे नव्हते.

"अहो, जेवायला चला, भात निवतोय," पत्नीने हाक दिली.

"जन्मभर मी दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगलो गं," बुवा खिन्नपणे म्हणाले.

"मग आज तरी ऊन ऊन जेवा," ती म्हणाली आणि तूप आणायला आत गेली.

बुवांचे दुःख मात्र खरे होते. दुसऱ्याचे मिरवणारा माणूस देवळात उभा राहून लोकांना सत्य कसे सांगणार? आख्यान तर नाहीच, पण कीर्तनच कायमचे सोडावे, असे त्यांनी मनाशी ठरवले. झांज ज्यांनी हाती दिली, त्या गुरुजींची परवानगी तेवढी घ्यायची राहिली होती.

गुरुजी नदीपलीकडच्या गावात राहत. वय चौऱ्याऐंशी. बुवा पोचले तेव्हा ते ओसरीवर बसून मोड आलेले वाल सोलत होते. त्यांनी नुसते परातीकडे बोट दाखवले. बुवाही समोर बसून सोलू लागले.

"गुरुजी, झांज खाली ठेवावी म्हणतो."

"का रे? खांदा दुखतो?"

"खांदा नाही, मन दुखतं," असे म्हणून बुवांनी सगळे सांगितले. "मी म्हणजे नुसती गोधडी आहे, गुरुजी. एकेक तुकडा कुणाच्या तरी लुगड्याचा. माझा असा एक टाकासुद्धा नाही."

गुरुजींनी आणखी चार वाल सोलले. मग म्हणाले, "मोठे तुकडे किती?"

"तीन. चाल तात्याबाची, निरूपण पाध्ये मास्तरांचं, आणि उभं राहणं तुमचं."

"दुसऱ्याचं उचललंस, तर ते परत करायला हवं. ज्याचं त्याला पोचतं कर. प्रत्येकापुढे त्याचं ते म्हणून दाखव. तो 'पोचलं' म्हणाला, की ते त्याचं झालं. मग पुन्हा ते तुझ्या तोंडी येता कामा नये. माझं शेवटी आण."

सांत्वनाच्या अपेक्षेने गेलेल्या बुवांच्या हातातला वाल तसाच राहिला. "गुरुजी, ती चाल गेली तर माझं अर्धं कीर्तन जाईल!"

"जाईना का. तुझी कुठे आहे ती?"

दुसऱ्या दिवशी बुवा एस.टी.ने आजोळी गेले. मामांच्या मळ्यातल्या विहिरीवर आता इंजिन बसले होते, आणि मोट हाकण्यात जन्म घालवलेला तात्याबा त्याच्या आवाजाला वैतागून दूर आंब्याखाली बसला होता. पाठीला पोक आले होते, दृष्टी अधू झाली होती, पण बुवांनी हाक मारताच तो म्हणाला, "वळीखलं! थारोळ्यात पाय सोडून बसायचास, आन् मोटंचं पानी अंगावर घ्यायचास. त्यो न्हवं का तू?"

बुवांनी येण्याचे कारण सांगितले. तात्याबाला त्यातले फारसे कळले नाही. पण गाणे ऐकायचे म्हटल्यावर तो सरसावून बसला. बुवा गाऊ लागले. म्हाताऱ्याची मान डोलू लागली, हातात नसलेला चाबूक फिरू लागला. बुवांच्या मनात आले, आता हा 'पोचलं' म्हणणार, आणि ही चाल आपल्याला जन्मात पुन्हा म्हणता येणार नाही. एवढी आपण तिच्यावर माया करतो, हे त्यांना त्या क्षणी कळले.

अचानक म्हाताऱ्याचा हात थांबला.

"आरं, हितं का थांबलास?"

"कुठे?"

"ह्या मधल्या जाग्याला. बैलं धावंच्या उतारावरनं निम्मी खाली आली, आन् तू गप! गानं थांबलं की बैलं बी थांबत्याल. मोट हिरीत लोंबकळत ऱ्हायली, तर पानी वर यायचं कसं? आमचं गानं पानी थारोळ्यात पडंस्तवर तुटत न्हाई." आणि फाटक्या आवाजात त्याने ती चाल म्हणून दाखवली. खरेच, ती एका दमात उतारावरून खाली जात होती. मध्ये कुठेही थांबत नव्हती.

"तुझी ग्वाड हाय, पर ही माझी न्हवं," तात्याबा म्हणाला. "हिच्यावर मोट चालायची न्हाई. तुझी तू घिऊन जा बाबा."

परतीच्या गाडीत बुवा खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा ती चाल मनात म्हणून पाहत होते. तिथे आपण का थांबतो? आणि मग आठवले. सत्ताविसाव्या वर्षी वडील गेले. त्यानंतरच्या पहिल्या कीर्तनात, नेमक्या त्याच जागी, त्यांचा गळा दाटून आला होता. चार मात्रा आवाज फुटला नव्हता. श्रोत्यांना वाटले, ही चालच तशी आहे. पुढच्या कीर्तनात ते तिथे आपोआप थांबले, त्यापुढच्याही. कारण विसरून गेले, थांबणे राहिले. तेवीस वर्षे ते प्रत्येक कीर्तनात चार मात्रा आपल्या वडिलांसाठी थांबत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. भर गाडीत बुवांना रडू कोसळले. कंडक्टरने तिकीट हातात दिले आणि सुटे पैसे न मागता तो पुढे सरकला.

पाध्ये मास्तर तालुक्याला राहत. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी सदऱ्याच्या खिशात तांबडी पेन्सिल असायचीच. बुवांनी पाया पडून सांगितले, "मास्तर, मॅट्रिकच्या वर्षी तुम्ही फळ्यावर एक सुविचार लिहिला होता. पंचवीस वर्षं मी तो 'आमचे मास्तर म्हणत' असं सांगून निरूपणात वापरतोय. आज परत द्यायला आलोय. 'वाटेत दुसऱ्याचं थोडं ओझं आपल्या डोक्यावर घ्यावं, म्हणजे आपलं हलकं लागतं.'"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा म्हण."

बुवांनी पुन्हा म्हटले.

"चूक! साफ चूक! मी लिहिलं होतं, 'आपले ओझे आपण वाहावे. दुसऱ्याच्या खांद्याची आशा धरू नये.' पाठांतर तेव्हाही कच्चंच होतं तुझं. आणि गावोगाव माझ्या नावावर हे सांगत फिरतोस?" मास्तरांचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला, पण खोडायला समोर काही नव्हते. जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारले, "हे शिकलास तरी कुठे?"

बुवा विचारात पडले. "थोरला भाऊ अकाली गेला, मास्तर. त्याची दोन मुलं आमच्याकडे आली. आमची तीन होतीच. आम्ही दोघं घाबरून गेलो होतो, कसं निभायचं म्हणून. पण का कोण जाणे, ती आल्यापासून घर हलकं झालं."

"मग त्या दोघांना दे हे वाक्य," मास्तर म्हणाले. "माझ्या गळ्यात नको. मी असं काही लिहिलेलं नाही." मात्र बुवा निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. बुवा दिसेनासे होईतो तिथेच उभे होते.

बुवा पुन्हा गुरुजींच्या ओसरीवर आले तेव्हा दुपार कलली होती.

"काय, घेतलं का कुणी?"

"नाही गुरुजी. दोघांनीही हाकलून दिलं."

"आता माझं दाखव."

बुवा उठून उभे राहिले. कीर्तन सुरू करण्याआधी गुरुजी हात जोडून श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेकडे क्षणभर पाहत. बुवांनीही आयुष्यभर तसेच केले होते. त्यांनी हात जोडले आणि अंगणाच्या टोकाकडे पाहिले. गुरुजी खो खो हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अरे, मी तिकडे का बघायचो, ठाऊक आहे? पहिल्या रांगेत आमचे खोत बसायचे. गणपतीचं नमन संपायच्या आत तोंड उघडं टाकून घोरायला लागायचे. त्यांच्याकडे नजर गेली की मला हसू फुटायचं. म्हणून लांब बघायचो! तू का बघतोस?"

"लहानपणी मी तिथे बसायचो, आईबरोबर, चपलांपाशी," बुवा हळूच म्हणाले. "तिथे धड ऐकू यायचं नाही. वाटतं, आजही तिथे कुणीतरी तसंच कान टवकारून बसलं असेल."

गुरुजींचे हसू ओसरले. "मग हेही माझं नव्हे," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांची सून शेजारून वाटी घेऊन आली. घरातले दही संपले होते, म्हणून ती विरजण मागायला गेली होती. गुरुजींनी तिला थांबवले आणि वाटी बुवांना दाखवली.

"हे चमचाभर शेजारचं आहे. उद्या भांडंभर दही लागेल. ते दही शेजारणीचं म्हणशील का? आणि शेजारणीचं तरी विरजण तिच्या घरी कुठे जन्मलं होतं? विरजण सगळ्यांना बाहेरूनच आणावं लागतं, बाबा. दूध मात्र ज्याचं त्याने तापवायचं असतं. तुझं पुरेसं तापलं. बाप गेला, भाऊ गेला, पाच पोरं वाढवलीस. तुला वाटलं, आपण ही गाणी नि ही वाक्यं नुसती जपून ठेवली. नुसती जपली असतीस, तर तात्याबाने आपली चाल लगेच ओळखली असती. तरुणपणी माणूस गाणं पाठ करतो. पुढे ते गाणंच त्याचं आयुष्य पाठ करत जातं. तुझ्या वयाला आल्यावर एकदा ते ऐकून घ्यायचं असतं, इतकंच."

बुवांनी वाटीतले विरजण निरखून पाहिले. मग म्हणाले, "आणि आख्यान? उत्सव तीन आठवड्यांवर आलाय."

"खोडलेले कागद फेकलेस?"

"नाही. घरी आहेत."

"मग लिहून झालंय की. नीट उतरवून काढ. आणि जाताना वालाची उसळ खाऊन जा. तूच सोललेले वाल आहेत, सूनबाईने खारवून ठेवले होते."

उत्सवात बुवांचे आख्यान रंगले, हे वेगळे सांगायला नको. सांगण्यासारखे घडले ते नंतर. कीर्तन संपून लोक पांगल्यावर द्वारकाबाई नावाची एक बाई पुढे आली. पंचेचाळिशीची असेल. तिने नमस्कार केला.

"बुवा, तीन वर्षांपूर्वी तुम्ही इथेच एक सांगितलं होतं, त्याने मला सावरलं. आमच्या सासूबाई गेल्या होत्या. दुपारच्या त्या मागच्या दारी धान्य निवडत बसायच्या नि गाणी म्हणायच्या. त्या गेल्यावर तिथे कुणी बसेना. तिकडे बघवतच नव्हतं. तुम्ही म्हणालात, 'मोठं माणूस गेलं, की त्याची जागा रिकामी ठेवायची नसते. तिथे आपण बसायचं असतं.' दुसऱ्या दिवशी मी जाऊन बसले. आता त्यांची गाणी मीच म्हणते. त्यांच्यासारखी येत नाहीत, पण म्हणते."

बुवांनी ते जुने कीर्तन मनात चाळून पाहिले. असे वाक्य त्यांनी कधीच उच्चारले नव्हते. उच्चारणे तर दूरच, ते त्यांना सुचलेही नव्हते. 'बाई, हे मी म्हटलेलं नाही,' असे त्यांच्या अगदी ओठांवर आले. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते थांबले.

"फार चांगलं आहे हो ते," बुवा म्हणाले. "पण आता ते तुमचंच आहे."

"छे हो बुवा, माझं कुठलं? तुमचंच," असे म्हणून ती समाधानाने निघून गेली.

बुवा एकटेच घरी निघाले. रिकाम्या जागेचे ते वाक्य मनात घोळत होते. चालता चालता त्यांच्या मनात आले, की गुरुजी आता चौऱ्याऐंशीचे आहेत. हा विचार त्यांना याआधीही पुष्कळदा शिवून गेला होता आणि दर वेळी त्यांनी तो घाईने झटकला होता. आज त्यांनी तो येऊ दिला, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याची भीती वाटली नाही.