हरणाची बाटली

इंग्रज सरकारचा रेसिडेंट थॉर्नबी, त्या साहेबाला व्हिस्कीची कुठली बाटली भेट द्यायची, या एका प्रश्नापायी आंबेखिंड संस्थानचा सगळा कारभार अडून बसला होता. दसरा तोंडावर आलेला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब दरबाराला येणार, आणि महाराज आपले बाटल्यांच्या कपाटापुढं हात मागं बांधून उभे. स्वतः महाराजांना हळद घातलेल्या दुधापलीकडं काही पचत नसे. बाटल्या सगळ्या भेटीदाखल आलेल्या.

गेल्या वर्षी महाराजांनी स्वतः एक निवडली होती. वर सोनेरी हरीण, गळ्यात लाल फीत. खंडेनवमीला तलवारीपासून अडकित्त्यापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं, म्हणून महाराजांनी तिच्याही बुडाला बोट टेकवलं. साहेबानं बाटली पाहिली, "वा" म्हणाला आणि मागं उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात दिली. पुढं नव्या सालाला शेजारच्या संस्थानिकांकडून महाराजांना भेट आली. सोनेरी हरीण, लाल फीत. उलटी करून पाहिली, तर बुडाला कुंकू! हळदीकुंकवातला टोचरा खण कुणीच शिवत नाही, घरोघर फिरून पुन्हा आपल्याच ओटीत येतो, तशी ती माघारी आली होती.

"पंत, यातली चांगली कोणती?" महाराजांनी विचारलं.

दिवाण विसाजीपंतांनी कानाला हात लावले. "शिव शिव, सरकार. आम्हाला ताक आणि कढी यातला फरक कळतो, तेवढाच."

सरनोबत मानाजीराव म्हणाले, "आम्ही उसाच्या रसापुढं गेलेलो नाही." राजवैद्य तर बाटल्या बघून दोन पावलं मागं सरकले.

नको तिथं हसू येण्याची म्हादबाला खोड होती. म्हादबा म्हणजे विड्याचं तबक धरून उभा राहणारा म्हातारा हुजऱ्या. आत्ताही त्याला हसू आलं आणि तबक हाललं.

"हसतोस काय? मग तूच निवड," महाराज कडाडले. "बूच उघडायचं नाही, उष्टी भेट आम्ही देत नाही. साहेबाच्या माणसांना विचारायचं नाही, आमचं अज्ञान वेशीला टांगलं जाईल. आणि यंदाही साहेबानं बाटली शिपायाच्या हातात दिली, तर तू गडावर. तास वाजवायला!"

"सरकार, माझं डोकं म्हणजे फेटा अडकवायची खुंटी. तिला काय कळणार?"

"खुंटीला गडावर जायला पाय आहेत ना? बास."

पाय होते, पण गुडघे नव्हते. म्हादबा घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला. बायकोला, गयाबाईला, सगळं सांगितलं.

"गडावर?" ती म्हणाली. "तुम्ही चढून जाईपर्यंत पुढचा दसरा येईल."

"मग सांग की काहीतरी. मला तर दूध फाटलेलं कळत नाही, व्हिस्की काय कळणार."

"कळत नाहीच. परवा फाटलेलंच प्यालात आणि वर छान म्हणालात." गयाबाई भाकरी थापता थापता बोलत होती. "बायकांना विचारा, कुठला खण हवा? सगळ्या म्हणतील, मला मेलीला कुठलाही चालेल. मग ढीग पुढ्यात टाका. सगळ्यांचा हात एकाच खणावर पडतो की नाही बघा."

म्हादबा उठला. गुडघा वाजला, तरी हसला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन झालं. आपट्याच्या पानांचा ढीग रचला होता आणि त्याच्या पायथ्याशी म्हादबानं कपाटातल्या सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. महाराजांना त्यानं कानात काहीतरी सांगितलं. महाराजांनी त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तसं पाहिलं, पण तलवार ढिगाला टेकवून मोठ्यानं म्हणाले, "सोनं लुटा! आणि बाटल्याही लुटा. घरात औषधाला असू द्यात."

औषधाला म्हटल्यावर काय!

रयत पानांवर तुटून पडली. मानकरी मात्र पानांकडं ढुंकूनही न बघता खाली वाकले. क्षणात गलका झाला. धूळ बसली तेव्हा मधोमध दिवाणसाहेब बसकण मारून बसले होते, पगडी मानेवर, आणि दोन्ही हातांनी एक बाटली छातीशी धरलेली. तिची मान सरनोबतांच्या मुठीत होती. बूड राजवैद्यांच्या. बाटली दिसायला अगदी गरीब, कागद अर्धा सुटलेला, ना चित्र ना फीत.

"पंत," महाराज हळूच म्हणाले, "ताक सापडलं वाटतं?"

तिघांनीही एकदम हात सोडले. म्हादबानं बाटली अलगद उचलली, धोतरानं पुसली.

बाकीच्या बाटल्याही गेल्या होत्या. फक्त एक ओळीतल्या ओळीत उभी होती. सोनेरी हरीण, लाल फीत.

महाराजांचा चेहरा उतरला. "आमच्या निवडीला कुणी शिवलंही नाही?"

"कसं शिवतील, सरकार," म्हादबा म्हणाला. "तिला सरकारांच्या नावाचं कुंकू आहे."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. साहेबापुढं शेले आले, ते शिपायाकडं गेले. हस्तिदंती हत्ती आला, तोही गेला. मग ती गरीब बाटली आली. म्हादबानं खिडकीतून गडाकडं एकदा बघून घेतलं. साहेबानं बाटली हातात घेतली. फाटक्या कागदावर अंगठा फिरवला. शिपायानं सवयीनं हात पुढं केला. साहेबानं तो बाजूला सारला आणि बाटली आपल्या मांडीवर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

"कुणी निवडली?" त्यानं विचारलं.

महाराजांनी म्हादबाकडं बोट दाखवलं.

"तू पितोस, म्हाताऱ्या?"

"छे, साहेब. मी आमच्या दिवाणसाहेबांइतकाच निर्व्यसनी."

दिवाणसाहेबांना एकदम ठसका लागला. महाराज हसले ते असे, की गादीवरचे लोड घसरले. डोळे पुसत त्यांनी डोक्यावरचा जरीचा फेटा उतरवला आणि म्हादबापुढं धरला. "घे! खुंटीला शोभेल."

म्हादबानं फेटा घेतला, पण तसाच उभा राहिला.

"आणखी काय?"

"सरकार, खुंटीचं झालं. डोकं घरी भाकऱ्या थापतंय, त्याला एक खण मिळाला असता तर..."

"दिला! आणि ढीग तिच्यापुढं टाका," महाराज पुन्हा हसू लागले, "निवडू दे तिलाच. आम्ही मुळीच निवडणार नाही!"